सायरन न वाजलेलं पाणी

१० जानेवारी
कारवारचं समुद्री पर्यावरणाचं ट्रेनिंग संपवून डोंगरातल्या जोयड्याला परतलो. तालुक्यात समुद्र कळणारा मास्तर आता मीच. नववीच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही. ओहोटीला खडकांवर नेऊन शिंपले, खेकडे, शेवाळ सगळं जागेवर शिकवायचं. पुस्तकी शिक्षण बंद. उद्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक नीट वाचणार.

११ जानेवारी
वाचायला बसलो, करंट गेला.

१४ जानेवारी
गुंद गावी देवकीच्या घरी. वर्गात पहिली, पण बाप नागू नववीनंतर शाळा सोडवणार. म्हटलं, सहलीत हिचा प्रोजेक्ट करू, जिल्ह्याला पाठवू, पुढे कारवारला हॉस्टेलची सीट मी मिळवून देतो.  नागू म्हणाला, "तुमी हाय म्हणून धाडतो, मास्तर. काय इपरीत झालं तर शाळा बंद." जबाबदारी माझी, म्हटलं. फार बरं वाटलं.

१८ जानेवारी
हेडबाई सुमंगलाबाई विचारतात, पोरांना पाण्याचे नियम सांगितले का? हसू आलं. काळी नदीकाठची पोरं ही! धरणाचं पाणी सोडताना सायरन वाजला की शेंबडं पोरही वर पळतं. यांना मी काय शिकवणार? बाई उगाच घाबरतात. वेळापत्रक बसमध्ये वाचीन.

२१ जानेवारी, संध्याकाळी, कारवार
बसमध्ये डोळा लागला. सहल मात्र उत्तम. पोरं खडकांवर पसरली, देवकी सगळ्यात पुढे, शिंपल्यांची चित्रं काढत. मी किनाऱ्यावरून फोटो काढून ट्रेनिंगच्या ग्रुपवर टाकत होतो. भरपूर अंगठे आले. तेवढ्यात भरतीचं पाणी चढलं. बाकीची परत आली. देवकीला हाक मारली तर तिथूनच ओरडली, "सर, सायरन कुठं वाजला?" आणि पुन्हा चित्रात. पुढच्या लाटेनं ती पडली, पाय खडकाच्या फटीत अडकला. एका होडीवाल्यानं बाहेर काढली. मला पोहता येत नाही, नाहीतर गेलोच असतो. आता ती दवाखान्यात आहे. पाय मुरगळला असावा.

२३ जानेवारी
देवकीच्या गुडघ्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं. वेळापत्रकाची अक्षरं इतकी बारीक छापतातच का? किनाऱ्यावर सायरन बसवा म्हणून खात्याला पत्र लिहिणार. रविवारी नागूकडे नक्की.

१ फेब्रुवारी
रविवारी पाहुणे आले. पत्राचा मसुदा मनात तयार आहे.

१२ मार्च
अखेर गुंदला गेलो. नागू चिडेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. तो एवढंच म्हणाला, "तुमच्यावर राग न्हाई, मास्तर. भरवसा मीच ठेवला न्हवं." पोरीची शाळा संपली. देवकीचा गुडघा आता वाकत नाही. मी हॉस्टेलचा विषय काढणार तोच त्यानं तिला चहा करायला सांगितलं. आखडलेला पाय ओढत ती चुलीकडे गेली. नको म्हणायचं मला सुचलं नाही. कप हातात येईपर्यंत निम्मा चहा बशीत सांडला होता.
ती म्हणाली, "चुकलं, सर."
मी म्हटलं, असू दे.