उत्तरेच्या नदीवर निपाणीची पुडी

२४ जून
तंबाखू सोडली! सकाळी साडेसहाला, लेकीच्या, तेजूच्या, टॅक्सीपुढे उभा राहून, बायकोच्या, शालूच्या, डोक्यावर हात ठेवून. लेकीनं अटच तशी घातली. "आप्पा, मी सहा आठवडं नदीवर. तुमी सहा आठवडं बिनतंबाखूचं. आपापला शब्द पाळायचा." तिचा शब्द असा — कॅनडातल्या त्या नदीचा अभ्यास झाला की सरळ घर, आणि अठरा ऑगस्टला बेळगावच्या कॉलेजात रुजू. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळी जेवायला निपाणीत. मला एवढंच पाहिजे.

तीस वर्षं वखारीत वासावरून तंबाखूची प्रत ठरवतोय. आणि म्हणे सोडा!

२५ जून
घोटाळा! परवा शालू घरभर माझी डबी हुडकत होती, म्हणून तंबाखूच्या एक नंबर पानाची पुडी माळ्यावरच्या जुन्या सॅकमध्ये, आतल्या कप्प्यात लपवली होती. आज नुसता वास घ्यावा म्हणून शिडी लावली. सॅक नाही!
"ती व्हय? तेजूनं न्हेली. नव्या सॅकची चेन तुटली न्हवं," शालू म्हणाली. "पर तुमी शिडीवर काय कराय लागलाय?"
"जळमटं काढतोय."
मग सगळ्या माळ्याची जळमटं काढावी लागली.

२६ जून
वखारीतल्या भरमाला सांगितलं. मदत दूरच. "अण्णा, विमानतळावर कुत्री असत्यात. वासावर माणूस धरत्यात!" जेवण गेलं नाही. पोरगी अडकली तर नोकरीही गेली.

संध्याकाळी तिचा मेसेज — पोचले. सुटलो! पण निपाणीचा माल नाकाखालून गेला आणि कुत्र्याला कळलं नाही? जरा अपमानही वाटला.

२८ जून
एक चिमूट. भरमाची. ही धरायची नाही.

५ जुलै
तेजूनं ठेवलेलं पुस्तक वाचतोय. नदी कॅनडाच्या पार वर, झाडं संपतात तिथं. तिचं नाव माझ्या जिभेला वळत नाही, म्हणून नुसती नदी. काठावर केस जमिनीला टेकलेले रेड्यांएवढे बैल. शिंगाळ हरणांचे कळप हजारांनी नदी पोहून जातात, आणि नदी ओलांडायच्या त्यांच्या ठरलेल्या उतारांवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या भाले घेऊन बसायची. तंबू उडू नये म्हणून त्यांनी कडेनं ठेवलेले दगड अजून तिथंच आहेत, गोल मांडलेले. कुणी हलवलेले नाहीत! माझ्या दारातले चार चिरे भरदुपारी गेले.

उन्हाळ्यात तिथं सूर्य मावळत नाही हे शालूला वाचून दाखवलं. ती विचारात पडली. "मग चंद्राबिगर पोरीनं संकष्टी सोडायची कवा?"
पुस्तकात याचं उत्तर नाही.

१९ जुलै
तेजूचा फोन! खरखर, मध्येच बंद, परत सुरू. पहिलंच वाक्य — "आप्पा, पुडी घावली."
मी फोन घेऊन परसात पळालो.

झालं असं. होड्या हाकणारे तिथले एक आजोबा आहेत. त्यांची आजी त्याच काठावर जन्मलेली. त्यांच्यात रीत अशी की नदीत शिरायच्या आधी तिला चिमूटभर तंबाखू द्यायची, वाट मागायची. आणि आणलेला डबा मागच्या गावात राहिलेला! आजोबा दगडावर बसले ते बसलेच. दीड दिवस होड्या काठावर. तेजूबरोबरच्या साहेबलोकांनी सगळ्यांच्या बॅगा उपसल्या, तेव्हा हिच्या सॅकमधून निघाली माझी पुडी.
"आजोबांनी डोळं मिटून वास घेतला, आप्पा. थेट तुमच्यागत! म्हनाले, पान कुनी निवडलं? मी म्हनलं, माझ्या आप्पानं."
मग एक चिमूट नदीला आणि उरलेली पुडी त्यांच्या खिशात.
"शब्द मोडलासा की न्हाय?"
"शपथेच्या आदी ठेवलेली गं ती!" ती खो खो हसली. भरमाच्या चिमटीबद्दल बोललो नाही. त्या एव्हाना बऱ्याच झाल्यात.

तीस वर्षांत निपाणीत कुणी विचारलं नाही, पान कुणी निवडलं म्हणून. फार बरं वाटलं. वखारीत चौघांना सांगितलं, मग आणखी सहा जणांना.

२ ऑगस्ट
बेळगावच्या बसचा पास कुठं मिळतो विचारून आलो. शालूनं तेजूची खोली पुसून काढली.

६ ऑगस्ट
तेजूचा फोन. ती येणार नाही. वर्षभर तरी नाही. आजोबांच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना नदीचा एकेक उतार नावानं माहीत आहे आणि लिहून घेणारं कुणी नाही. बाहेरच्याला ती माणसं सहसा सांगत नाहीत. पण आजोबा म्हणाले म्हणे, जिच्या बापानं नदीला इतकी चांगली तंबाखू पाठवली, ती बाहेरची कशी?
"मी शब्द मोडला, आप्पा. रागावलासा?"
कुठल्या तोंडानं रागावू? "थंडीचं अंगभर घाल गं," एवढंच म्हणालो.

शालू आतून विचारतेय, "कवा येतो म्हनाली?" एवढं लिहून होऊ दे, मग सांगतो.