घरच्या सिनेमाचं परखड परीक्षण

१ जानेवारी, गुरुवार

संकल्प. रोज सकाळी चालणे. साखर बंद. दर आठवड्याला एक सिनेमा पाहून त्यावर परखड मत देणे. पहिले दोन क्षमाने सुचवलेत, तिसरा माझा स्वतःचा.

सगळी नोकरी मोटार विम्याचे क्लेम तपासण्यात गेली. ठोकलेल्या गाडीभोवती एक चक्कर मारली की मालक किती थापा मारतोय ते मला कळायचं. गेल्या वर्षी मी रिटायर झालो, नजर झालेली नाही. ती आता सिनेमाला लावणार आणि मत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार. तिथे सध्या पाण्याची टाकी आणि पार्किंग यापलीकडे वैचारिक असं काही नाही. क्षमा म्हणाली, लोकांना जे बघायचंय ते बघू दे ना. बायकोला आपली किंमत नसते, हे जुनंच आहे.

१६ तारखेला इरावतीचा सिनेमा लागतोय. आमची मुलगी एडिटर आहे. आजवर दुसऱ्या एडिटरांच्या हाताखाली राबली, स्वतंत्र एडिटर म्हणून हा तिचा पहिला. नाव ‘कणीक’. तिला फोनवर बजावलं की बाप म्हणून आशीर्वाद, पण समीक्षक म्हणून काही गृहीत धरू नकोस. ती बरं म्हणाली.

चालणे उद्यापासून. उद्या शुक्रवार आहे, म्हणजे सोमवारपासूनच.

४ जानेवारी, रविवार

‘रणभैरव २’ पाहिला. हीरोची जीप दरीत कोसळते, कोलांट्या खाते, आणि पुढच्या सीनमध्ये तीच जीप, बम्पर शाबूत, हेडलाइट चालू. ग्रुपवर लिहिलं: एक स्टार. क्लेम नामंजूर. कोणीही जाऊ नये.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचा हर्षद लिफ्टमध्ये भेटला. म्हणाला, काका, तुमचा रिव्ह्यू वाचला आणि लगेच सगळ्या मित्रांची तिकिटं काढली. मी म्हटलं, अरे, मी तर जाऊ नका लिहिलंय. तो म्हणाला, हो ना, म्हणूनच. असंच लिहीत राहा काका, भारी मदत होते.

याला म्हणतात चिकित्सक वाचक. सांगितलं म्हणून मान डोलावत नाही, स्वतः जाऊन पडताळून बघतो.

१० जानेवारी, शनिवार

‘नदीचे निवेदन’. एक गृहस्थ काठावर बसून नदीशी बोलतात. नदी उत्तर देत नाही. अख्ख्या सिनेमात एकही गाडी नाही, त्यामुळे एकही चूक नाही. चार स्टार दिले. सहकुटुंब पाहावा, असंही लिहिलं.

तळमजल्यावरच्या नलिनीताईंनी उद्याची तिकिटं काढली होती, ती रद्द केली. विचारलं तर म्हणाल्या, गुडघे दुखतत ओ. मालवणकडची माणसं, खोटं बोलायची नाहीत. तासाभराने लिफ्ट बंद असताना आमच्या चौथ्या मजल्यावर तिळाच्या वड्या घेऊन आल्या. गुडघ्याचं दुखणं असंच असतं, येतं आणि जातं.

वड्या गुळाच्या होत्या. साखर नव्हे.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

इरा तिळगूळ घ्यायला आली होती. चेहरा उतरलेला. ‘कणीक’ला मुलुंडमध्ये एकच शो मिळालाय, तोही दुपारचा. मराठी सिनेमा म्हटला की जेवणाच्या वेळी शो लावतात आणि मग प्रेक्षक येत नाहीत म्हणून ओरडतात. पहिल्या आठवड्यात खुर्च्या भरल्या नाहीत तर पुढच्या शुक्रवारी तोही जाणार. आणि दुसरा आठवडा मिळाला तर निर्माता पुढचा सिनेमा इराच्याच हातात देणार आहे. तसं तो बोललाय. नाहीतर ही पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली.

क्षमाने मार्ग काढला. शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे. सोसायटीतल्या सगळ्या बायका येणारच. तिथेच रविवारचा ग्रुप ठरवून टाकायचा आणि सगळ्यांनी मिळून जायचं.

मी इराला म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे ना. तिने हातातला तिळगूळ परत वाटीत ठेवला. मग हळूच म्हणाली, बाबा, या वेळी ग्रुपवर काहीच नाही लिहिलंत तर? माझ्या परखडपणाची धास्ती घेतलीय पोरीने. मी सांगितलं, जे असेल तेच लिहीन. क्षमाने कपाळावर हात मारला. डोकं दुखत असावं.

१६ जानेवारी, शुक्रवार

‘कणीक’ पाहिला.

पोळीभाजी केंद्र चालवणारी बाई. तिला हळूहळू ऐकू येईनासं होतं आणि ती कोणाला सांगत नाही. एका सीनमध्ये ती कणीक मळत असते. मागे फळीवर फोन वाजतोय, तिच्या मुलाचा. आपल्याला ऐकू येतो, तिला नाही. ती मळत राहते. कॅमेरा हलत नाही, कोणी येत नाही, फोन वाजून वाजून बंद होतो. मग ती कणकेवर ओलं फडकं टाकते.

मी रडलो. एसी फार होता हे खरं, पण एसीने माणूस असा रडत नाही. इतके सिनेमे पाहिले, कोणी माझ्याशी इतकं खरं बोललं नव्हतं. आणि ते माझ्या पोरीने बोलावं, याचा छातीत काहीतरी त्रास झाला. आनंदाचाच.

घरी येऊन लगेच लिहिलं: पाच स्टार. क्लेम पूर्ण मंजूर. न पाहणाऱ्याचा जन्म वाया. नात्याचा उल्लेख टाळला. निष्पक्षपणा म्हणजे निष्पक्षपणा.

१७ जानेवारी, शनिवार

हळदीकुंकू झकास झालं. बायका आल्या, वाण घेऊन गेल्या. रविवारच्या ग्रुपमध्ये मात्र कोणी नाव दिलं नाही. एकीकडे पाहुणे, एकीकडे बारसं, नलिनीताईंचे गुडघे. क्षमा सगळ्या गेल्यावर माझ्याकडे बराच वेळ बघत होती. थकली असेल.

मी आतल्या खोलीत मुद्दाम बसून होतो. हर्षदची आई दुसरीला सांगत होती की काकांना आवडलाय म्हणे, आणि दोघी हसल्या. सिनेमाच्या बातमीने लोकांना किती आनंद होतोय बघा.

१९ जानेवारी, सोमवार

इराचा फोन. काल थिएटरमध्ये पुढच्या चार रांगा रिकाम्या आणि मागच्याही. म्हणाली, बाबा, रागावू नका, पण स्पष्ट बोलते. सोसायटीत सगळे तुमच्या उलट वागतात. तुम्ही शिव्या घातल्या की धावतात, कौतुक केलंत की तिकीट रद्द करतात. हर्षदच्या ऑफिसातसुद्धा तुमचे मेसेज फॉरवर्ड होतात. प्लीज, ‘कणीक’ला वाईट म्हणा.

मी फोन ठेवला.

हे साफ चूक आहे. चार-दोन योगायोगांवरून निष्कर्ष काढणं अडाणीपणाचं. माझ्या मताला वजन आहे म्हणून तर लोक त्याचा इतका विचार करतात. उलट असो, सुलट असो. शिवाय ज्या सीनला मी रडलो त्याला वाईट म्हणायचं? आयुष्यात साहेबाच्या सांगण्यावरून एक रिपोर्ट बदलला नाही. मुलीच्या सांगण्यावरून बदलणार नाही. विषय संपला.

क्षमाने आज चहात साखर घातली होती. मी मुकाट्याने प्यायलो.

२० जानेवारी, मंगळवार

विषय संपलेला नाही.

इराला लहानपणी शाळेच्या नाटकात झाड केलं होतं. मी घरी येऊन सांगितलं की झाड फार हललं. ती आठवडाभर बोलली नव्हती. हे आज का आठवलं कोण जाणे.

फक्त प्रयोग म्हणून लिहायला हरकत नाही. इराचा सिद्धांत चुकीचा ठरला तर तिचाच गैरसमज दूर होईल. क्लेमच्या भाषेत याला फेरतपासणी म्हणतात. ती नियमात बसते.

२१ जानेवारी, बुधवार

सकाळी टाकलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी असं: ‘कणीक’ शांत डोक्याने पुन्हा पाहिला. आधीचे पाच स्टार भावनेच्या भरात दिले गेले. सिनेमा रटाळ आहे. एक बाई नुसती कणीक मळते. एक स्टार. क्लेम नामंजूर. कोणीही जाऊ नये.

पाठवून फोन उशीखाली ठेवला. नंतर बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. आता हर्षद पोरं गोळा करेल, बायका फोनाफोनी करतील, उद्या दुपारी रांग लागेल. बापाने काय केलंय ते इराला कळेल. मला हार वगैरे काही नको.

दुपारपर्यंत ग्रुप शांत. विचार करत असतील.

२२ जानेवारी, गुरुवार

शोला गेलो. थिएटरमध्ये मी, क्षमा, आणि एक माणूस जो झोपायला आला होता.

परतताना गेटवर हर्षद. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, काका, मानलं तुम्हाला. इरासाठी म्हणून आम्ही सगळे आज जाणार होतो, मग तुमचा मेसेज वाचला. सख्ख्या पोरीच्या पिक्चरला कोणी असं लिहील काय? म्हणजे खरंच वाट लागलेली असणार. मी म्हटलं, अरे, पण तुम्ही नेहमी उलट करता ना. तो म्हणाला, नेहमी करतो काका, पण या वेळी तुम्ही मनापासून लिहिलं होतं, ते कळत होतं.

नलिनीताई खिडकीतून क्षमाला म्हणाल्या, बापूसच असा म्हणता म्हणजे काय तरी असतलाच. वाईट वाटून घेव नुको गो, तुझ्या चेडवाक परत चान्स मिळतलो.

समाज माझ्यावर विश्वास ठेवायला लागलाय. दिवस कुठला निवडला बघा.

२३ जानेवारी, शुक्रवार

‘कणीक’ गेला. त्या वेळेला आता ‘रणभैरव २’चा जादा शो. निर्मात्याने इराला कळवलं की पुढचं बघू. म्हणजे नाही.

दुपारी ती जेवायला आली. माझ्यावर आवाज चढवेल असं वाटलं होतं. चढवला नाही. म्हणाली, मीच सांगितलं होतं ना तुम्हाला. ते ऐकवेना. मग मी सरळ सांगून टाकलं की तुझा सिनेमा फार चांगला आहे, कणकेच्या त्या सीनला मी रडलो, गुरुवारी पुन्हा रडलो. इतका चांगला सीन मी आजवर पाहिलेला नाही.

तिचे डोळे भरले. त्याच शॉटसाठी ती दिग्दर्शकाशी महिनाभर भांडली होती. तो म्हणत होता अर्धा काप, ही कापत नव्हती. मला वाटलं, चला, एक काम तरी जमलं.

मग ती वरणभात कालवता कालवता थांबली. म्हणाली, बाबा, नक्की तोच सीन आवडला? म्हटलं, तोच. सगळ्यात जास्त? म्हटलं, सगळ्यात जास्त. ती गंभीर झाली. डाव्या हाताने फोन उचलला आणि दिग्दर्शकाला लावला. ओटीटीवर, म्हणजे मोबाइलवर दाखवायची प्रत अजून दिग्दर्शकाच्या आणि तिच्याच हातात आहे, त्यात तो शॉट अर्धा करून टाकू, असं ती आईला सांगत होती. तिकडे रिंग जात होती.

मी म्हणालो, इरा, खरं सांगू का, तुला बरं वाटावं म्हणून बोललो. तो सीन अतिशय कंटाळवाणा आहे. मला डुलकी लागली होती.

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. मी क्लेम फेटाळताना करायचो तसा चेहरा केला. तिने फोन कट केला, म्हणाली, मग राहू दे तसाच, आणि भात खायला लागली. क्षमाने मला न मागता तूप वाढलं.

पाच स्टार. हे कोणी वाचत नाही तेच बरं.