आई, मी माफी मागितली

मिसिसिपीची राजधानी, मार्च १८७०

आई, तुझ्या अब्सलमचा नमस्कार. टेंपीताई, आईला हे सावकाश वाचून दाखव, एक शब्दही गाळू नकोस.

मी बरा आहे. मक्याची भाकरी पोटभर मिळते. तुझा गुडघा कसा आहे?

काल सभागृहात मी गुलामीतून सुटलेल्या आपल्या काळ्या लोकांच्या मुलांसाठी शाळांचं विधेयक मांडलं. लगेच कर्नल हॅझलवुड उठले, तुला विकत घेणारे तेच. म्हणाले, "ह्याची आई माझ्या स्वयंपाकघरात राबायची. तिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, आणि हा शाळा मागतोय!" लोक हसले.

मी ओरडलो, "तिच्या हाती पुस्तक दिसलं असतं तर तुम्हीच चाबूक ओढला असता! लाज वाटू द्या!"

कुंपणावरचे चार सभासद म्हणाले, "आधी कर्नलांची माफी माग, मग मतं देऊ."

आई, मी दातओठ खात माफी मागितली. विधेयक दोन मतांनी मंजूर झालं. सगळे पाठ थोपटतात, पण माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतोय.

शाळा उघडेल त्या दिवशी तू पहिल्या बाकावर बसायचं. वय झालं म्हणालीस तर माझं-तुझं भांडण होईल.

अजून धुमसणारा, तुझा
अब्सलम