मांडीवरचा होल्डर

अहमदपूर,
रविवार, ६ एप्रिल

आदरणीय दाजी यांस,

धम्मदीपचा सप्रेम जयभीम. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तिकडे तुमचा गुडघा, ताईची शुगर आणि नांदेडचे ऊन यांपैकी काय चढले, काय उतरले ते कळवावे. घरात फोन असताना हे पत्र का लिहितो, असे तुम्हाला वाटेल. फोन तुम्ही स्पीकरवर ठेवून बोलता. माझ्या पहिल्या वाक्याला ताई उत्तर देते आणि दुसऱ्याला तुमचे शेजारी. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावे, तर तुमचा मोबाइल तुमच्याआधी ताई वाचते. हे पत्र तुम्हाला एकट्याला आहे. तिने विचारलेच तर धम्माच्या प्रयोगशाळेचे काही काम आहे म्हणून सांगा. (ते खोटेही नाही.)

विषय होल्डरचा आहे. चौदा एप्रिलला आठ दिवस राहिले, म्हणून आपल्यात काय ठरले होते ते पुन्हा एकदा लिहून ठेवतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मायच्या स्वयंपाकघरातला होल्डर जळाला. माय चार दिवस टॉर्च गाल आणि खांद्याच्या मध्ये धरून भाकरी थापत होती आणि हे तिने कुणालाही सांगितले नाही. पाचव्या दिवशी तुम्ही दोघे सहज म्हणून आलात, मीही आलो, आणि आपण तिघांनी ते पाहिले. तुम्ही म्हणालात, ज्या गावात एक होल्डर बदलायला माणूस मिळत नाही तिथे सत्तरीच्या बाईने एकटे राहायचे नाही, नांदेडला चला. ताईने कपाट उघडून लुगडी पिशवीत भरायला घेतली. माय चुलीपुढे बसून होती. माझ्या तोंडात तेव्हा भजे होते. (ते मी गिळायला हवे होते. माझा पुढचा सगळा त्रास त्या भज्याच्या घाईतून निघाला.) मी म्हणालो, आणि होल्डर तिला स्वतःलाच बसवता आला तर?

तुम्ही हसलात. तुमचे शब्द मला पाठ आहेत : “धम्मा, चौतीस वर्षं खांबावर गेली माझी. त्या बारक्या स्क्रूची खाच मला आता दिसंना, मायला काय दिसतीय?” मी म्हणालो, मग स्क्रू नसलेला होल्डर करतो. तुम्ही म्हणालात, कर, चौदा एप्रिलपर्यंत कर. जयंतीला आम्ही गावी येतोच. मायने माझ्यासमोर, कुणाचा हात न लागता, जुना होल्डर काढून नवा बसवला तर ती गावात राहील. नाही जमले तर मीच, म्हणजे धम्मदीपने, तिला नांदेडच्या गाडीत बसवून द्यायचे. मी हो म्हणालो. ताईने पिशवी परत कपाटात ठेवली. लुगडी पिशवीतून काढली नाहीत, पिशवीसकट ठेवली.

आता कामाचे सांगतो. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. बावीस वर्षे मुलांना मीटर, बॅटऱ्या आणि वायरी काढून देतो आणि संध्याकाळी परत कपाटात ठेवतो. एवढ्याने माणूस शास्त्रज्ञ होत नाही, हे मला कुणी सांगायला नको. (घरी रोज सांगतात.) पण वायर कुठे निसटते आणि माणूस कुठे वैतागतो, हे बावीस वर्षांत कळते. मी आधी ठरवले की दोष स्क्रूचा आहे, तर स्क्रू काढून टाकू. पहिला नमुना कपडे वाळत घालायच्या दोन चिमट्यांचा केला. चिमटा दाबायचा, वायर सरकवायची, चिमटा सोडायचा. दिवा लागला. अकरा मिनिटे मी फार समाधानात होतो. मग चिमटे वितळले. त्या वासाने शेजारच्या वर्गातली मुले बाहेर आली, आणि सरांनी मला विचारले की आज कोणता प्रयोग आहे. मी म्हणालो, घर्षणाचा. वितळत नाही म्हणून दुसरा नमुना इथल्या शिवमूर्ती सुतारांकडून सागवानी करून घेतला. सुंदर झाला होता. शिवमूर्तींनी न सांगता त्यावर वेलबुट्टीही काढली. त्याचे वजन मात्र आम्ही दोघेही विसरलो. गावी नेऊन टांगला, तो दिव्यासकट, वायरीसकट आणि छताच्या मुठीएवढ्या गिलाव्यासकट खाली आला. खाली वरणाचे पातेले होते. मायने वरणातून बल्ब उचलला, पदराने पुसला, हलवून पाहिला आणि म्हणाली, “बल्ब चांगला हाय.”

तिसरा, चौथा आणि पाचवा नमुना मी वगळतो. त्यांत सांगण्यासारखे काही नाही आणि एकात लपवण्यासारखे आहे. सहाव्याच्या वेळी मी स्टुलावर उभा राहून मायला दाखवत होतो, की बघ, असे दोन्ही हात वर करायचे, मान मागे टाकायची, डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने वायर घालायची. माय शेंगा फोडत खाली बसली होती. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “धम्मा, सुई वर हात करून ओवतेत का रे? सुई मांडीवर ओवतेत.”

दाजी, मी स्टुलावरून उतरलो. हे तुम्ही चौतीस वर्षांत म्हणाला नाहीत आणि मी बावीस वर्षांत म्हणालो नाही. त्रास स्क्रूचा कमी आणि वर हात करण्याचा जास्त आहे. बारीक काम डोक्यावर कशाला करायचे? मी त्याच दिवशी सगळे मोडून नव्याने मांडले. होल्डरचे दोन भाग केले. वरचा भाग छताला कायमचा, घरची वायर त्याच्यापर्यंतच येते. खालचा भाग, ज्यात बल्ब बसतो, तो अर्धा फेरा फिरवला की हातात येतो. तो घेऊन खाली बसायचे. त्याला दोन कान आहेत. कान दाबला की वायर आत जाते, सोडला की पकडते. मांडीवर बल्बाच्या दोन्ही आखूड वायरी घालायच्या, चष्मा लावून, सावकाश, हवे तर मध्ये चहा घेऊन. मग स्टुलावर चढून तो भाग वर नुसता लावायचा आणि फिरवायचा. याला डोळे लागत नाहीत. (वरचा भाग मी बसवला हे मान्य करतो. तुम्ही म्हणाल ते मदतीत धरायचे. मग छत गवंड्याने बांधले तेही मदतीतच धरावे लागेल.)

सुरक्षिततेबद्दल तुम्हाला काळजी असणार, तर तीही मिटवतो. मायची पद्धत तुमच्या वीज खात्यापेक्षा कडक आहे. ती आधी मेन बंद करते. मग चिनी मातीचा फ्यूज उपसून काढते आणि पदराच्या गाठीत बांधते, म्हणजे दुसरे कुणी चुकून वीज चालू करायला नको. मग स्टुलावर लाकडी पाट ठेवते आणि पाटावर चढते. यात एकच अडचण आली. मार्चच्या पहिल्या रविवारी सरावाच्या मध्येच कोंडाबाईने (शेजारची, तुम्ही ओळखता, जयंतीला लेझीम खेळते ती) तिला हाक मारली आणि माय फ्यूज पदरात घेऊन गेली. दोघी दोन तास पापड लाटत होत्या. मी तेवढा वेळ पंख्याखाली बसलो होतो. पंखा अर्थातच बंद होता.

त्यानंतर नमुना पुढे सुधारत गेला आणि याचे श्रेय मायला. प्रत्येक रविवारी मी नवा घेऊन जातो, ती तो बसवते आणि खोट काढते. आधी म्हणाली, बसला की नाही ते कळत नाही. मी आत पितळी पट्टी घातली, आता टक असा आवाज येतो. मग म्हणाली, पिठाच्या हाताने कान घसरतात. मी कानांना खाचा पाडल्या. मग म्हणाली, काळा आहे, छताला पाल बसल्यासारखी वाटते. मी पांढरा केला. पुढच्या रविवारी म्हणाली, पांढऱ्यावर धूर दिसतो. मी राखी केला. गेल्या रविवारी म्हणाली, टक आवाज मोठा आहे, दचकायला होते. मी पट्टी घासून आणली. आज म्हणाली, “आता लई सोपा झालाय. कुणीबी काढून नेईल.” तर या आठवड्यात मी त्याला बारीकशी कडी करतो आहे. तेरावा नमुना. दाजी, मी मागे हटणार नाही. परिपूर्ण होल्डर होईपर्यंत मी थांबणार नाही आणि परिपूर्ण होल्डर आता एका कडीच्या अंतरावर आहे.

तेव्हा चौदा तारखेला सकाळी नऊला, मिरवणुकीच्या आधी, परीक्षा. स्टूल आणि पाट आमचा. घड्याळ तुमचे. ताईला आणि तिच्या पिशव्यांना घेऊन या, पण रिकामे परत जायची तयारी ठेवा. गुडघ्याला जपा. खांबाकडे बघून उसासे टाकू नका.

आपला आज्ञाधारक,
धम्मदीप

ता. क. वरचे पत्र मी दुपारी गावी बसून लिहिले, पत्ता सवयीने अहमदपूरचा घातला. पाकिटात घालायचे राहिले, ते बरेच झाले. परत येताना फाट्यावर ऑटोची वाट पाहत असताना कोंडाबाई भेटली. मी तिला सहज म्हणालो, कडी झाली की होल्डर मायला नक्की जमेल. कोंडाबाई म्हणाली, “जमंल काय म्हणतूस? तिनं तुझा मागचा, दोनी तुकडे, माझ्या गोठ्यात बसवला की कवाच. म्हैस व्यायली तवा. तिथून समाजमंदिरात नेला, तिथून नरसिंगाच्या घरी. सगळी गल्ली बघून राहिली. टक करून बसवती अन् उतरती.” मी विचारले, मग दर रविवारी खोट कशी निघते? तर म्हणाली, “शनवारी तुझ्या मायसंगं आमी चौघी बसून काढतो. पालीची सरजाची. धुराची नरसिंगाच्या बायकोची. आजची, सोपा झालाय ती, माझी हाय.” आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “बरी सापडली का न्हाई?”

ता. क. २. फेब्रुवारीपासून मी नऊ रविवार गावी गेलो. त्याआधीच्या पूर्ण वर्षात तीनदा गेलो होतो, त्यात एकदा रेशन कार्डावर अंगठा द्यायला तिला नेण्यासाठी. अहमदपूरहून चाकूरजवळचे आपले गाव तासाभराचे आहे, हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. सांगायचे ते वेगळे. चौदा तारखेला माय तुमच्यासमोर होल्डर बसवेल, दिवा लागेल, आणि ती स्टुलावरून उतरून म्हणेल, यात अजून खोट आहे. तिला वाटते खोट राहिली तर मी पुढच्या रविवारी येईन. तिच्या हे लक्षात येत नाही की तिच्याच तोंडून खोट निघाली, तर ताई ते ‘जमले नाही’ असे धरील आणि मग ती रविवारी गावात नसेल. पिशवी अजून कपाटात भरलेली आहे. मी आज पाहिली.

ता. क. ३. तिला समजावून सांगावे, असे तुम्ही म्हणाल. काय सांगू? की माये, खोट काढू नकोस, मी तसाही येईन? असे मी पूर्वी सांगितलेले आहे. तिला ते पाठ आहे.

ता. क. ४. म्हणून एक विनंती, आणि या पत्राचे कारणही हेच. ही गोष्ट ताईला कळू देऊ नका. दिवा लागला की तुम्ही तिच्या आधी बोला. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणा, बाई पास, बाई गावातच राहणार. ते झाले की होल्डर हातात घ्या, चष्मा कपाळावर चढवा, चौतीस वर्षांच्या अनुभवाने तोंड वाकडे करा आणि म्हणा, पण धम्माचे काम अपुरे आहे, याने दर रविवारी येऊन दुरुस्त केले पाहिजे. खोट तुम्हीच काढा. बारीकसारीक नको, मी ती आठवड्यात मिटवून टाकतो, मला राहवत नाही. मोठी काढा. दिवाळीपर्यंत तरी पुरली पाहिजे.