'पडल्याने मार' हा शेरा खोडण्याबाबत

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना, येळसावळी, ता. हदगाव, जि. नांदेड.

विषय : शेरू या पिल्लाच्या कागदावरील चुकीचा शेरा खोडून मिळणेबाबत.
संदर्भ : आपलीच चिठ्ठी, दि. ९ जून २०२५.

महोदय,

१. मी अंगणवाडी सेविका आहे. मूल वेळेत चालेना तर आम्ही आधी आई-बाप विचारतो. आपण विचारले नाहीत. शेरूची आई आमची कुत्री राणी. बाप आपल्या बंगल्यावरचा सुलतान.

२. रिवाजाप्रमाणे नराच्या मालकाला पहिले पिल्लू. आपण आलात, पाचही पिल्ले फरशीवर चालवून पाहिलीत आणि एकही न उचलता गेलात. हक्काचे सोडून जाणारा माणूस मी आमच्या गावात अजून पाहिलेला नाही.

३. (लिहून खोडला आहे. जागा ठेवली आहे.)

४. सहाव्या महिन्यात शेरू बेडकासारखा बसू लागला. उठताना केकाटतो. दवाखान्यात आणला तर आपण हात न लावता विचारलेत, "याला उचलतं कोण?" माझी नऊ वर्षांची लुंबिनी म्हणाली, "मी." आपण लगेच लिहिलेत : पडल्याने मार. तेव्हापासून माझे सासरे ग्यानोबा गावभर सांगतात, "पोरीनंच आदळलं, डॉक्टरच्या सहीचं हाय." लुंबिनी आता वाटी लांबून काठीने सरकवते. शेरू घसटत तिच्याकडेच जातो.

५. नांदेडला एक्स-रे काढला. तेथील डॉक्टर म्हणाले, मार कुठेच नाही. खुब्याची वाटी जन्मापासून उथळ आहे, हे वाणातून येते, वाढीच्या वयात उघडे पडते. राणीचाही एक्स-रे काढला. ती निर्दोष आहे. राहिले कोण?

६. म्हणून काल रविवारी मी आपल्या फाटकाशी उभी राहिले. सुलतान भुंकत धावत आला. मागचे दोन्ही पाय एकदम उचलून, सशासारखा. शेरूही तसाच धावतो. आपण सुलतानला घाईने आत बोलावलेत. मला मात्र "काय काम?" असेही विचारले नाहीत.

३. (पुन्हा) येथे चौकशीची मागणी होती. ती सोडते. सुलतानचे आपण जाणा. फक्त त्याला पुन्हा जोडीला देऊ नका. मला शेरा खोडून हवा, आणि खोडल्या जागी सही. सहीशिवायची खाडाखोड सासरे मानत नाहीत.

आपल्या एका रेघेच्या प्रतीक्षेत,
चांगुणा आनंदराज पाईकराव
दि. ७ जुलै २०२५

सोबत :
१) शेरू व राणीचे एक्स-रे
२) शेरूच्या वजनाची वही
३) शेरू (मी उचलून आणला आहे)
४) लुंबिनी (बाहेर बाकावर आहे. रेघ मारताना तिला आत बोलवावे.)