येणारा वेग, जाणारा वेग

आबा,

घरात इंटरनेट कुठल्या कंपनीचं घ्यावं हे मला ठरवता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय. हसू नका. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गावच्या घरात नुकता कुठे एक दिवा आला होता, आणि त्याचं बटणसुद्धा तुम्ही विंचवाची नांगी धरावी तसं दोन बोटांनी दाबायचात. त्या तुम्हाला मी आता काचेच्या तारेतून उजेड पळतो म्हणून सांगणार. पण सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही. आज शनिवार. सोमवारी अकरा वाजता तुमच्या नातीची मिटिंग आहे, आणि त्या मिटिंगमध्ये तिचा आवाज पुन्हा तुटला तर एक तारखेपासून तिला पुण्याच्या ऑफिसात जाऊन बसावं लागेल, असं तिच्या साहेबाने तिला स्वच्छ सांगितलंय. ती विम्याच्या कंपनीत आहे. लोकांशी पडद्यावर बोलायचं, त्यांच्या अडचणी सोडवायच्या, हे तिचं काम. गेले आठ महिने ते काम ती इथे रत्नागिरीत, आईच्या खाटेशेजारी बसून करते.

तुमच्या सुनेला अर्धांगाचा झटका आला, आबा. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. जे काही तोंडातून येतं ते फक्त लेकीला कळतं. जेवतेही तिच्याच हातून. मी घास पुढे केला की तोंड भिंतीकडे फिरवते. बाई ठेवून बघितली, तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. लेक पलीकडच्या खोलीत गेली तरी हिचे डोळे दारावर खिळतात आणि घशातून असा आवाज काढते की शेजारी येऊन उभे राहतात. मध्ये एकदा लेकीला तीन दिवस पुण्याला जावं लागलं, तर तीन दिवस हिने काही खाल्लं नाही. डॉक्टरांनी नळी घालायची तयारी केली होती. तेव्हा इंटरनेट हा आमच्याकडे करमणुकीचा विषय नाही. तार नीट चालली तर लेक इथे राहील, लेक राहिली तर ही जेवेल. एवढं सरळ आहे, आणि तिथेच सगळं अडलंय.

पहिली कंपनी निवडली ती मीच. आयुष्यभर जळलेल्या मोटारी उघडून उघडून शिकलेला माणूस मी, सातवी नापास. पण ह्या शहरातल्या निम्म्या विहिरींवरचे पंप माझ्या हाताखालून गेलेत, त्यामुळे तारेतलं मला कळतं असा माझा समज. दोन कंपन्यांचे कागद आले. एकावर मोठ्या अक्षरात तीनशे, दुसऱ्यावर शंभर. मी म्हटलं, ह्यात विचार काय करायचा? तीनशेवाली घेतली. पहिल्या आठवड्यात लेकीचा आवाज तुटायला लागला. समोरच्या माणसाला म्हणे तिचं तोंड उघडलेलंच दिसायचं, शब्द नाही. मी तिला म्हटलं, "अगं, तीनशे आहे ना? मग?" ती दमलेली होती, पण मला शिकवायला बसली. "बाबा, तीनशे हा येण्याचा वेग. बाहेरून आपल्याकडे जे येतं त्याचा. मी बोलते ते इकडून तिकडे जायला हवं ना? जाण्याचा वेग कागदाच्या खाली बारीक अक्षरात आहे. बघा, वीस. आणि तोही 'वीसपर्यंत'." मी चष्मा लावून बघितलं. होतं. वीसपर्यंत. पर्यंत ह्या शब्दात शून्यही बसतं, हे मला ह्या वयात कळलं.

मग मी हट्टाला पेटलो. मोटार चालत नाही तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं मोटार वाईट, आणि निम्म्या वेळा दोष वायरीत असतो. तुम्हाला आठवतं, मी ते काम शिकायला निघालो त्या दिवशी तुम्ही लांज्याच्या बाजारातून मला टेस्टर आणून दिला होतात? मूठ पिवळी होती त्याची. म्हणालात, "तुझ्या धंद्यात हाच देव. काही झालं की आधी ह्याला विचार." तसंच केलं. वेग मोजायचा कसा ते फोनवर बघून शिकलो. कंपनीची पेटी पुढच्या पडवीत, मीटरच्या शेजारी, ती मीच तिथे बसवून घेतलेली. तिथे मोजलं, मग हिच्या खोलीत मोजलं. मध्ये जांभ्याच्या दोन भिंती, त्या हवेतून जाणारं निम्मंअधिक खातात हे दिसलं. भिंती मी बांधल्या होत्या, मीच भोक पाडलं आणि पेटीपासून खाटेपर्यंत वायर ओढली. येण्याचा वेग टुणकन वर गेला. जाण्याचा पहाटे अठरा आणि दहा वाजल्यापासून दुपारभर एक. कधी एकसुद्धा नाही. चार दिवस मोजलं, तेच. कंपनीच्या माणसाला बोलावलं तर तो चहा पिऊन म्हणाला, "काका, वाडीतली सगळी घरं एकाच फांदीवर आहेत. दुपारी सगळे फोटो-व्हिडिओ पाठवायला लागतात. मी काय करू?" खरंच तो काही करू शकत नव्हता.

राहिली दुसरी कंपनी. तिचं येणं शंभर आणि जाणंही शंभर. दुसरा कोणी असता तर उड्या मारत गेला असता. पण मांडवीला माझा एक जुना सोबती राहतो, त्याच्याकडे तीच आहे. त्याला विचारलं, तर म्हणाला, "सुसाट हो! पण एकदा झाडाची फांदी पडून तार तुटली ती पाच दिवस. फोन केला की बाई गोड बोलते, माणूस येत नाही." आता पहिल्या कंपनीचा माणूस वाडीतलाच, तार तुटली तर तासाभरात शिडी घेऊन हजर. म्हणजे एकीकडे रोजचं थोडं थोडं तुटणं आणि दुसरीकडे कधीतरी एकदम पाच दिवस. दोन्ही ठेवाव्यात म्हटलं, तर पहिली दुपारी असून नसल्यासारखी. कुठली तार कधी तुटेल हे मला कोण सांगणार? गुरुवारी रात्री जेवताना मी लेकीला हे सगळं परत समजावत होतो, बोटांवर मोजून मोजून. ती आईचं तोंड पुसत म्हणाली, "बाबा, तुम्ही नका एवढा जीव काढू. नाही जमलं तर जाईन मी पुण्याला. काय करणार?" ते बोलताना तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं. खूप दिवसांनी आलं. मी लगेच ताटाकडे बघितलं.

आणि आज सकाळी पहिल्या एसटीने तुमच्या देवळात गेलो. चाळीस वर्षं तुम्ही त्या गाभाऱ्यात कौल लावलात. देवीच्या दोन खांद्यांवर पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या आणि बघत बसायचं, उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आता ते काम माझा चुलतभाऊ करतो. मला बघून म्हणाला, "वाट चुकलास काय रे आज?"

"कौल लावायचाय."

"वहिनीचा?"

"नाय. नेटचा."

तो बघतच राहिला. "मोबाइलचा?"

"घरचा, तारेचा. कुठल्या कंपनीचं घेऊ ते."

"अरे मेल्या, इथे गाभाऱ्यात रेंज नाय! देवीला कुठून कळायचं?" असं म्हणून तो खो खो हसला, मग त्याने माझं तोंड बघितलं आणि हात धुवायला गेला.

तो येईपर्यंत मी पायरीवर बसलो होतो आणि मला तो दिवस आठवत होता. मी दहा-अकरा वर्षांचा, तुमच्यासाठी पाकळ्या सोडवतोय. वरच्या वाडीतला एक माणूस तापाने फणफणलेली पोर खांद्यावर घेऊन येतो. विचारतो, "आबा, देवीला विचारा, हिला लांज्याला डॉक्टरकडे न्यावी की अंगाऱ्यावर भागेल?" मी पाकळ्या पुढे करतो. तुम्ही माझ्या हातावर चापट मारता, त्या सगळ्या ताटात पडतात. आणि त्या माणसाला म्हणता, "कुठे न्यायची ते तुला ठाऊक आहे. तू फक्त देवीच्या तोंडून 'राहू दे' ऐकायला आलायस. ठाऊक असलेलं देवीला विचारायचं नाय." मग तुम्ही ती पोर स्वतःच्या खांद्यावर घेतलीत आणि सोवळ्यानिशी, अनवाणी, हमरस्त्यापर्यंत उतरलात. तुमच्या मागून तो माणूस रडत चाललाय आणि त्याच्या मागून मी, हे आत्ता लिहितानाही दिसतंय.

मी स्वतःला बजावलं, आपलं तसं नाही. आपण मोजलंय, भोक पाडलंय, चौकशी केली आहे. माणसाने शोधायचं ते शोधून झालं. पुढचं कोणालाच ठाऊक नाही, म्हणून देवीला विचारतोय. तुम्हीसुद्धा हे चालवून घेतलं असतंत. भावाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, तुझं लेकरू पायाशी आलंय. घरात आजारपण आहे. दुसऱ्या कंपनीची तार घ्यावी असं तुझ्या मनात असेल तर उजवी दे, नसेल तर डावी." त्याने इतक्या गंभीरपणे 'कंपनी' म्हटलं की एरवी मला हसू आलं असतं. बराच वेळ काही हललं नाही. मी हात जोडून उभा होतो. मग उजवी पडली. भाऊ म्हणाला, "झालं! घे दुसरी. आणि वहिनीला नारळ घेऊन जा."

घरी येऊन लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "देवीला शंभरचा प्लॅन आवडला म्हणा की," आणि थोडी हसली. मग तिने कंपनीला फोन लावला. उद्या दहा वाजता माणूस तार घेऊन येतोय. ती आता आईला पेज भरवते आहे, इथून मला तिची पाठ दिसते. चौतिशीत पोक आलाय पोरीला.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. कारण भाऊ गाऱ्हाणं घालत होता तेव्हा मी त्याचे शब्द ऐकतच नव्हतो, आबा. कंपनीचं मी केव्हाच विसरलो होतो. मी डोळे मिटून देवीला विचारत होतो, पोरीला पुण्याला जाऊ देऊ का? ताटावर त्या रात्री तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते सुटकेचं होतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून विचारलं. तुम्ही असतात तर एकदा माझ्याकडे बघून पाकळ्या ताटात टाकल्या असत्यात.

उजवी पडली. मी डावी मागत होतो.