लाटेआधी मी बाल्कनी रिकामी केली

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे तूर्त कागदावरच). पाठ कशी आहे? वहिनी म्हणत होत्या की डॉक्टरांनी तुला वाकायला मनाई केली आहे, तरी तू रोज सकाळी बागेतल्या पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबून पाणी किती लांब जातं ते बघत बसतोस. निवृत्त झालास, पण पाणी खात्यातून काही सुटला नाहीस. इकडे सगळं ठीक. ही बरी आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही, पण तब्येतीने बरी आहे. ती का बोलत नाही तेच सांगायला बसलो आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच तोडतोस, आणि मला हे सलग सांगायचं आहे.

आपल्या छकुलीचा सिनेमा लागला आहे. (तिला तोंडावर छकुली म्हटलेलं आता चालत नाही, पण तुला-मला ती तीच.) तिचा म्हणजे ती त्यात दिसत नाही; ती जिथे संगणकावर पाणी काढायची नोकरी करते, तिथे त्यातली लाट तयार झाली. दोन वर्षं पोरगी त्या एका लाटेच्या मागे होती. तू जाहिरात बघितलीस आणि मला लांबलचक निरोप पाठवलास, की एवढी लाट किनाऱ्यावर अशी भिंतीसारखी उभी राहूच शकत नाही, आणि असल्या सिनेमांत डोकं घरी ठेवूनच जावं लागतं. खाली लिहिलं होतंस, की जिला मी पाण्याचं गणित शिकवलं ती आता खोटं पाणी विकते. तिने ही नोकरी धरल्यापासून तिचा फोन आला की तू 'आईशी बोल' म्हणून वहिनींच्या हातात देऊन मोकळा होतोस, हेही मला ठाऊक आहे. मी मधे पडलो नाही. पण सिनेमा बघायला गेलो.

आधी तुझ्या बाजूचं कबूल करतो, गोष्ट भयंकर आहे. जगाचा समुद्र बिघडतो आणि ते फक्त एका शास्त्रज्ञाच्या लक्षात येतं, बाकीचे सगळे शास्त्रज्ञ बहुधा जेवायला गेलेले असतात. हा गृहस्थ हेलिकॉप्टर चालवतो, बस चालवतो, जखमेला टाके घालतो (मला अजून आमचा मिक्सर लावता येत नाही). अर्धी पृथ्वी बुडते, पण याच्या फोनची बॅटरी उतरत नाही. सोडून गेलेली बायको पूल कोसळत असताना त्याला माफ करते. आणि दादा, जमीन हादरत असताना ही माणसं लिफ्टने खाली उतरतात. माझी उभी हयात कारखान्यांत आणि कचेऱ्यांत माणसांना संकटात जिन्याने बाहेर कसं पडायचं ते शिकवण्यात गेली, आणि हा हीरो लिफ्टचं बटण दाबतो. मी मोठ्याने निषेध केला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून बघितलं. हिने मला लाह्यांचा पुडा दिला, म्हणजे तोंड भरलेलं राहील.

आणि मग समुद्र मागे गेला.

हे नीट वाच. संगीत थांबलं. कोणी धावेना, ओरडेना. पाणी नुसतं मागे सरकायला लागलं, आणि ओली वाळू उघडी पडत गेली, मैलभर, होड्या एका कुशीवर कलंडल्या. वाळूत एक दगड रुतलेला होता. त्याला वळसा घालताना पाण्याची वेणी झाली, दगडामागे एक लहानसा भोवरा धरला, आणि फेसाचा एक ठिपका त्यात सापडून उलटा, दगडाकडे, फिरायला लागला. एवढं सगळं पाणी एकीकडे चाललेलं आणि हा ठिपका दुसरीकडे. दादा, माझ्या अंगावर काटा आला. तुझ्या प्रयोगशाळेत काचेचा लांब हौद होता, तू सुट्टीच्या दिवशी छकुलीला तिथे न्यायचास, पाण्यात वीट ठेवायचास आणि वरून लाकडाचा भुसा सोडायचास. विटेमागे भुसा उलटा कसा फिरतो ते तू तिला परत परत दाखवायचास. एकदा मीही आलो होतो, आणि तासाभराने कंटाळून चहा प्यायला निघून गेलो होतो. ती मात्र स्टुलावर उभी राहून काचेला नाक लावून बघत होती.

मी हा विचार करतोय तोवर क्षितिजावर एक पांढरी रेघ उमटली. रेघ जाड झाली. पडद्यावरच्या गावात भोंगा वाजला, खुर्ची खालून थरथरायला लागली (ती थरथर तिकिटातच धरलेली असते, हे मला नंतर कळलं), आणि मी उठलो. विचार करून उठलो असं म्हणवत नाही. कामाची शिट्टी गळ्यातच असते. ती फुंकली आणि सवयीच्या आवाजात म्हणालो, "सामान जागेवर ठेवा, धावू नका, एका रांगेत माझ्या मागे या." लोक आले. अख्खी बाल्कनी आली. काहींना वाटलं खरंच आग आहे, काहींना वाटलं हाही खेळाचाच भाग आहे. जिन्याने, कठड्याला धरून, वयस्कर माणसं आधी, असं मी सगळ्यांना दुपारच्या उन्हात गाड्या लावतात तिथे आणून उभं केलं. इतकं सुरेख कोणी कधी बाहेर पडलं नव्हतं. मी शाबासकी द्यायला वळलो तर समोर थिएटरचा मॅनेजर.

पुढचं थोडक्यात सांगतो. माणसं आत परतली तोवर लाट येऊन गेली होती आणि हीरो एका कुत्र्याला वाळत घालत होता. लोकांनी मला जे ऐकवलं ते तुला लिहून कळवण्यासारखं नाही. आमची ही मात्र जागची हललीच नव्हती. शिट्टी कोणाची ते तिला कळलं होतं, म्हणून ती लाह्या खात निवांत बसली आणि रिकाम्या बाल्कनीत एकटीने पूर्ण लाट बघितली. परत आल्यावर लाट कशी होती ते मी विचारलं. तिचे डोळे ओले होते, आणि ती काही बोलली नाही. ते न बोलणं अजून चालू आहे, आता शिट्टीसाठी असावं.

दुसऱ्या दिवशी शिट्टी घरी ठेवून मी एकटा पुन्हा गेलो. लाट खोटीच आहे. एवढी उभी राहणार नाही, तू म्हणतोस ते खरं. पण ती आली तेव्हा मला गोष्टही आठवली नाही, लिफ्टही नाही. मी एवढासा झालो, तोंड उघडं पडलं, आणि बरं वाटलं. इतकं मोठं काही बघून बरं वाटतं हे मी विसरूनच गेलो होतो. गोष्ट कोणी लिहिली असेल तो लिहो. पाणी बघताना ते कोणाच्या शेजारी बसून शिकलेलं आहे हे मला कळत होतं.

वहिनींना नमस्कार. पाठीला शेक घेत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. एक काम होतं. सिनेमा संपल्यावर काळ्या पडद्यावर नावं सरकतात, त्यात छकुलीचं आहे की नाही ते बघायचं राहिलं. अक्षरं बारीक आणि माझा चष्मा जुना. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, तुला स्वच्छ दिसतं. तुमच्याकडे तो अजून लागलेला आहे. एवढं बघून कळव. त्यासाठी शेवटपर्यंत बसावं लागेल.

ता. क. दुसरा. वरचं खोटं आहे. मी वाचलं. शेकडो नावं गेली, सगळी दोन-दोन शब्दांची. एकच तीन शब्दांचं होतं. दोनच टाकायची पद्धत आहे असं तिला तिथे सांगितलं होतं म्हणे, पण ऐकेल तर ती तुझी पोर कसली. तिचं नाव, मग तुझं, मग आडनाव. पाण्याच्या यादीत मधोमध तू आहेस, दादा. ते वर सरकून जाईपर्यंत मी उभा होतो.

आता तिचा फोन आला तर वहिनींच्या हातात देऊ नकोस.